आणखी एक ऊन

समुद्राकडच्या खोल्यांचं भाडं जास्त आणि मागच्या, रस्त्याकडच्या खोल्यांचं कमी. असं का, म्हणून मी मॅनेजरला विचारलं. मला वाटलं, समुद्र दिसतो म्हणून असेल. तो म्हणाला, "ऊन, मादाम. त्या बाजूला दिवसभर ऊन असतं."

मी सोलापूरची. आमच्याकडे माणूस भाड्याचं घर बघायला गेला की आधी पश्चिमेची भिंत कुठली आणि तिच्यावर सावली कशाची, ते विचारतो. चैत्र लागला की दारांना वाळ्याचे पडदे लावायचे, त्यांच्यावर पाणी मारायला माणूस ठेवायचा. ऊन घरात येऊ नये म्हणून आम्ही खर्च करणार, आणि हा गृहस्थ ऊन येतं म्हणून जास्त भाडं मागत होता. दिरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"वहिनी, डॉक्टरांनी तेच लिहून दिलंय," ते हळूच म्हणाले. "औषध म्हणून घ्यायचं. दुसरं काय?"

आम्ही समुद्राकडची खोली घेतली.

तीस सालच्या पुढची एक-दोन वर्षं असतील. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे श्रीमंतांचं गाव. त्याचं नाव लिहितात एक आणि म्हणतात भलतंच, त्यामुळे मी ते देत नाही. आमचं सोलापुरात नव्या पेठेत कापडाचं दुकान. दिरांनी त्याच्या जोडीला माग घालायचं मनात घेतलं होतं आणि यंत्रं बघायला त्यांना इटलीत आणि विलायतेत जायचं होतं. त्याच सुमारास त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आजारी पडली. श्रावणात तिचं दुसरं बाळंतपण झालं. मुलगा झाला आणि आठवड्याच्या आत गेला. त्यानंतर ती अंथरुणातून उठली ती अर्धीच उठली. रोज संध्याकाळी कणकण यायची, गळ्याला गाठी आल्या, जेवण सुटलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटीचा प्रवास, समुद्राची हवा आणि सूर्यस्नान. दिरांच्या कामाला आणि तिच्या औषधाला एकच वाट होती, म्हणून तिलाही न्यायचं ठरलं. तिला एकटीला परक्या गावी ठेवून दीर कामाला जाणार कसे? सोबत मी.

माझीच निवड का झाली हे घरात कुणी विचारलं नाही. आमच्या घरात लग्न असो, गावची जत्रा असो की नुसतं अक्कलकोटला जाऊन यायचं असो, याद्या मी करते. नवऱ्यानं मला लग्नानंतर चार इयत्ता इंग्रजी शिकवलं होतं, तेही याद्या करण्याइतपत आणि भांडण्याइतपत येत होतं. त्या प्रवासासाठी मी तीन याद्या केल्या: कपड्यांची, औषधांची आणि खाण्याची. खाण्याची सगळ्यांत लांब. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. तेव्हा पत्र्याच्या मोठ्या डब्यात कडक भाकरी एकीवर एक रचून भरल्या, शेंगांची चटणी, काळं तिखट, हिंग, जिरं, मेतकूट, साखरेच्या पोळ्या, एक स्टोव्ह, आणि खोलीत घालून बसायला दोन सोलापुरी चादरी.

सगळ्यांत अवघड गोष्ट यादीत नव्हती. धाकटीची मुलगी तीन वर्षांची. ती आजीपाशी सोलापुरात राहिली. स्टेशनवर तिला आणायचं नाही असं ठरलं होतं, आणि आणलं नाही.

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर आले. उंच, पांढऱ्या दाढीचे, इंग्रजी सावकाश बोलणारे. त्यांनी तिचा गळा चाचपला, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, वजन केलं. मग दिरांना आणि मला बाजूला बोलावलं.

"एक महिना ऊन द्या," ते म्हणाले. "रोज, वाळूवर, खुर्चीत पडून. गळा, खांदे, हात उघडे. महिन्यानं मी पुन्हा बघेन. फरक दिसला तर घरी न्या. नाही दिसला तर वर डोंगरात एक आरोग्यधाम आहे, तिथं वर्षभर ठेवावं लागेल."

"वर्षभर?" दीर म्हणाले.

"कदाचित जास्त."

तिला हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वर्षानं ती मला ओळखेल का हो, अक्का?"

मी म्हटलं, "वर्ष कशाला? महिन्यात उरकून टाकू."

दीर चार दिवसांनी इटलीला गेले. महिन्यानं डॉक्टर येतील तेव्हा परत येतो म्हणाले.

त्या गावात करण्यासारखं काहीही नव्हतं, आणि तीच तिथली श्रीमंती. सकाळी लोक उशिरा उठत. उठल्यावर पांढरे कपडे घालून समुद्राकाठच्या रुंद रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि परत येत. रस्त्याला दोन्हीकडे ताडासारखी झाडं, पण ताडी काढायला नाही की झावळ्या तोडायला नाही, नुसती उभी. हॉटेलांच्या पायऱ्या दिवसातून दोनदा पुसत. खाली वाळूवर कापडाच्या खुर्च्या मांडलेल्या असत आणि त्यांत बायका-पुरुष उघडेवाघडे, डोळे मिटून पडलेले. तासाभरानं कूस बदलायची. मला पहिल्या दिवशी वाटलं, एवढे आजारी लोक एका गावात कसे? मॅनेजर म्हणाला, "नाही मादाम, हे सगळे ठणठणीत आहेत."

मी धाकटीसाठी एक खुर्ची ठरवली. बायकांच्या बाजूला, छत्रीच्या आडोशाला, जरा लांब. तिला खाली नेलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, समुद्राकडे पाठ करून, डोक्यावरून पदर, पदराखाली शाल. घामानं कपाळ भिजलं तरी हलली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी उठली.

"चला वर."

"अगं, गळ्याला ऊन लागायला पाहिजे. शाल तरी काढ."

"चारचौघांत?"

दुसऱ्या दिवशी मी शाल वरच ठेवायला लावली. ती खाली यायलाच तयार होईना. मग मी खोलीच्या बाल्कनीत खुर्ची टाकली. तिथं कोण बघतंय? तिथंही ती बसेना. पडदे ओढून आत भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवणाचं ताट यायचं तसं जायचं. कडक भाकरीचा तुकडा चटणीला लावून तिच्या हातात दिला तर ती तो हातात घेऊन बसायची.

मी तिला समजावलं, रागावले, मुलीची आठवण दिली. ही शेवटची गोष्ट करायला नको होती, पण वेळ थोडा होता. तेव्हा ती म्हणाली, "अक्का, दिवसाढवळ्या निजून राहायचं ते बाळंतिणीनं. माझं ते झालं. आता मला निजून राहा म्हणू नका."

इतके दिवस मी लाज, लाज म्हणत होते. गोष्ट लाजेची होती, पण तेवढीच नव्हती. मी खुर्ची घडी करून कपाटामागे ठेवून दिली. काय करावं ते मला सुचेना, आणि मला न सुचणं ही आमच्या घरात नवी गोष्ट होती.

त्यानंतर एका दुपारी मी बाल्कनीचं दार उघडून झाडत होते. कठड्यावर, फरशीवर, सगळीकडे ऊन पसरलं होतं. धाकटी आत बसल्या जागेवरून ते बघत होती. आपणहून म्हणाली, "एवढं कडक ऊन, आणि कुणी काही वाळत घातलं नाही."

मी झाडू थांबवला.

"आत्याबाईंनी कुरडया घातल्या असतील आत्तापर्यंत," ती पुढे म्हणाली. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. "चैत्र संपला. सांडगेही झाले असतील."

कितीतरी दिवसांत न विचारता ती एवढं बोलली होती. मी पिशवी घेतली आणि बाजार गाठला.

बाजार जुन्या गावात, हॉटेलांच्या मागे. तिथं सामान्य माणसं राहत. पोत्यांवर पाट्या होत्या त्या मला वाचता येईनात, पण धान्य वाचायला पाटी लागत नाही. मोठे पांढरे हरभरे मिळाले, वाटाण्याची डाळ मिळाली, लसूण हवी तेवढी. दोन्ही धान्यं रात्री खोलीतल्या तोंड धुण्याच्या भांड्यात भिजत घातली. सकाळी प्रश्न आला वाटायचं कशावर. यादीत पोळपाट-लाटणं होतं, पाटा कोण बोटीवर चढवणार?

रोज सकाळी चादरी-टॉवेल बदलायला एक बाई यायची. चाळिशीची, दणकट, बाह्या दुमडलेल्या, हात पाण्यानं पांढरे पडलेले. आम्ही आपसात तिला परटीणबाई म्हणायचो. तिला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. सोलापुरात आमच्या शेजारचे विणकर तेलुगू बोलतात, भाजीवाली कानडी, बांगडीवाला दखनी, आणि कुणाचं काही अडत नाही. मी तिला भिजलेले हरभरे दाखवले आणि मुठीनं तळहातावर कुटून दाखवलं. ती हसली, गेली आणि थोड्या वेळानं संगमरवराचा एक जड खल घेऊन आली. त्याला लसणीचा आणि कुठल्याशा हिरव्या पाल्याचा वास होता. जवळजवळ तुळशीचा.

धाकटीला मी म्हटलं, "मी कुटते. तू जिरं-हिंगाचं बघ. मला अंदाज येत नाही."

मला अंदाज चांगला येतो. तिनं मीठ घातलं, काळं तिखट घातलं, चव बघितली, पुन्हा मीठ घातलं. मग मी बाल्कनीत जुनं धोतर अंथरलं आणि आम्ही दोघींनी त्यावर चिमटी-चिमटीनं सांडगे घातले. ती सावलीतून हात लांब करून घालत होती. शेवटच्या ओळीला सावली संपली तशी पुढे सरकली.

सांडगे घालून होतात न होतात तोच समुद्रावरचे ते मोठे पांढरे पक्षी आले. आमच्याकडे चिमण्या-कावळ्यांची सवय. हे पक्षी कोंबडीएवढे, आणि भीती म्हणून नाही. धाकटी आतून लाटणं घेऊन आली आणि "हाड्, हाड्" करत दारात बसली. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तिचा जरा डोळा लागला, आणि एकानं चोचीत सांडगा धरला, उडाला आणि खालच्या गच्चीवर टाकला. खाली पाहुणे चहा घेत होते. सांडगा पडला तो एका म्हाताऱ्या इंग्रज बाईच्या पांढऱ्या झग्यावर. आतून ओला, आणि काळं तिखट घातलेला.

मॅनेजर वर आला. त्यानं आधी माफी मागितली, मग तक्रार केली. तिथली रीतच तशी.

"मादाम, आपल्या बाल्कनीतून काहीतरी पडतं आहे."

"पडत नाही. पक्षी टाकतात."

"पक्षी हॉटेलचे नाहीत, मादाम."

"आमचेही नाहीत. आम्ही तर त्यांना दिवसभर हाकलतोय. तुमचं कुणी हाकलत नाही."

त्यानं धोतराकडे बघितलं, सांडग्यांच्या ओळींकडे बघितलं. "हे काय आहे, विचारू का?"

मी म्हटलं, "सूर्यस्नान."

तो माणूस वाईट नव्हता. त्याला हसू आलं, ते त्यानं आवरलं. पण संध्याकाळपर्यंत हे सगळं काढावंच लागेल, म्हणाला. बाल्कनीतून दिसेल असं काहीही वाळत घालायचं नाही, हा तिथला नियम होता. मी त्या बाईचा झगा स्वतः धुऊन द्यायला तयार झाले. त्यानं नको म्हटलं.

धाकटी धोतराची टोकं गोळा करायला लागली. तिचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. तेवढ्यात परटीणबाई टॉवेल घेऊन आली. आम्ही काय करतोय ते तिनं बघितलं, बोटानं वर दाखवलं आणि धोतराचं एक टोक तिनं धरलं.

वर म्हणजे हॉटेलच्या माथ्यावरची गच्ची. नोकरांच्या जिन्यानं जायचं. तिथं हॉटेलच्या सगळ्या चादरी वाळत. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरींच्या भिंतीच भिंती, मधून गल्ल्या, आणि एका कोपऱ्यात तिचं स्वतःचं वाळवण: संत्र्याच्या साली, कसली तरी पिवळी फुलं, पाल्याच्या जुड्या उलट्या टांगलेल्या. खालच्या त्या चकचकीत हॉटेलाच्या डोक्यावर हे सगळं होतं आणि खालच्या कुणाला पत्ता नव्हता. तिथं ती आणि तिच्या हाताखालच्या दोघी मुली, एवढ्याच. पुरुष माणूस येत नसे. धाकटीनं दारातच थांबून सगळीकडे बघितलं. मग आत पाऊल टाकलं.

तिथून पुढचे दिवस एकासारखे एक गेले. सकाळी आम्ही वर जायचो. धोतर अंथरायचं, सांडगे पसरायचे, धाकटीनं बाजूला चादर घालून बसायचं, हातात दोरी उचलायची लांब काठी. आमची चादर परटीणबाईनं पहिल्याच दिवशी उचलून उलटी केली, मागची बाजू बघितली आणि मान हलवली. कापड हाताळणारी बाई कापडाची मागची बाजू आधी बघते, हे तिथंही तसंच.

पहिल्यांदा धाकटी चादरींच्या सावलीत बसली. पण पक्षी उन्हाच्या बाजूनं येत आणि सावलीतून काठी पोचत नसे. म्हणून ती उन्हात आली. मग डोक्यावरचा पदर काठी फिरवताना घसरायला लागला, तो तिनं कमरेला खोचला. चोळीची वरची गाठ सैल केली. परटीणबाईच्या मुली तर खांद्यापर्यंत उघड्याच काम करत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळ्या कामात होत्या. मी एका दोरीमागून हे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिथं होत होतं, फक्त खुर्ची नव्हती.

भूक आधी बारीक लागली. एके दुपारी परटीणबाईनं आपली पावाची लादी कापली, त्याला लसूण घासली, वर तेल ओतलं आणि धाकटीपुढे धरली. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लसूण आणि तेल आहे, खा." तिनं खाल्लं. बदल्यात परटीणबाईला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी दिली. तिनं भाकरी आधी फरशीवर वाजवून बघितली. मग तोडली, खाल्ली, चटणीनं डोळ्यात पाणी आलं आणि पुन्हा हात पुढे केला. धाकटी हसली. डबा रोज वर न्यायचा असं ठरलं.

एकच गोष्ट मनासारखी होत नव्हती. सांडगे वाळत नव्हते.

सोलापूरच्या वैशाखात सांडगे सकाळी घातले की दुसऱ्या संध्याकाळी डब्यात. मी त्याच हिशेबानं चालले होते. ऊन कडक, आभाळ स्वच्छ, मग अडचण कशाची? पण तिथली रात्र समुद्राची. संध्याकाळी खडखडीत वाटणारे सांडगे सकाळी हाताला दमट लागत. पुन्हा पसरायचे, पुन्हा संध्याकाळी गोळा करायचे, पुन्हा सकाळी सादळलेले. मला अर्धवट काम डोळ्यासमोर सहन होत नाही. रोज सकाळी कामांची यादी लिहायची आणि तिच्यात पहिलं तेच: सांडगे भरणे. रोज ते दुसऱ्या दिवसावर जायचं. धाकटीला त्याचं काही वाटत नसे. एक सांडगा उचलायची, दाताखाली धरायची आणि म्हणायची, "आणखी एक ऊन लागेल."

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. ती सांडगे परतत होती. न थांबता म्हणाली, "त्याला एकसुद्धा ऊन दाखवलं नाही आपण."

कुणाला ते मी विचारलं नाही. श्रावणाची झड होती तेव्हा, खोलीचं दारसुद्धा उघडत नव्हतो.

"नाही दाखवलं," मी म्हटलं.

"तेल लावून जरा दारात नेलं असतं."

"पाऊस थांबला नाही गं."

"हो. थांबला नाही." तिनं ओळ पुरी केली, दुसरी घेतली. मीही पलीकडच्या टोकानं परतायला बसले. त्या दिवशी आम्ही उशिरापर्यंत वर होतो. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात चालत होते, आणि पक्षी आला की काठीही उचलली जात होती. तो विषय तिनं त्यानंतर बरेचदा काढला, कधी माझ्यापाशी, कधी परटीणबाईपाशी मराठीतून. परटीणबाई चादरीची घडी घालता घालता ऐकायची. तिला काय कळायचं मला ठाऊक नाही. मधूनच काहीतरी फ्रेंचमधून बोलायची, आणि धाकटी "हो ना" म्हणायची.

डॉक्टर यायला थोडे दिवस राहिले असताना परटीणबाई मला खुणेनं खाली घेऊन गेली. गच्चीच्या खालच्या मजल्यावर इस्त्रीची खोली. मध्ये मोठी शेगडी, तिच्याभोवती इस्त्र्या टेकलेल्या, हवा अशी कोरडी की नाक चरचरावं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तिनं फडताळाकडे बोट केलं, मग माझ्या हातातल्या सांडग्यांकडे. मी मूठभर तिथं ठेवून आले. सकाळी जाऊन बघते तो दगडासारखे. डबीत घालून वाजवले तर शेंगांसारखे वाजले. सगळे सांडगे एक रात्र तिथं ठेवले की काम संपलं.

ते सांडगे ओच्यात घेऊन मी घाईनं वर गेले. धाकटी धोतर अंथरून बसली होती. मान उघडी, रंग आमच्याकडच्या शेतातल्या बाईसारखा रापलेला. गुडघ्यावर भाकरीचा तुकडा. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजही दमट आहेत हो अक्का. आणखी एक ऊन लागेल."

मी ओचा धरून उभी राहिले. एवढं सोपं काम, आणि ते करायचं नव्हतं.

"लागेल," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसले.

परटीणबाईनं नंतर मला हातानंच विचारलं, काय झालं? मी गच्चीकडे दाखवलं. तिनं क्षणभर बघितलं आणि फडताळावर आपले टॉवेल रचून ठेवले.

दीर डॉक्टरांच्या आदल्या दिवशी आले. डोंगरातल्या आरोग्यधामात जागा आहे का याची चौकशी त्यांनी येता येता करून ठेवली होती, तसं मला जिन्यातच सांगितलं. चेहरा उतरलेला. खोलीत शिरले तर धाकटी स्टोव्हपाशी बसून मेतकूट-भात कालवत होती. ते दारात उभे राहिले.

"काय बघताय?" ती म्हणाली. "काळी पडले, एवढंच ना?"

"नाही," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, इथलं पाणी बरं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा सगळं केलं, गळा, पापण्या, वजन. गळ्याशी त्यांची बोटं बराच वेळ थांबली. दीर खिडकीपाशी उभे होते, बाहेर बघत नव्हते. धाकटीनं माझा हात धरला होता आणि तिला वाटत होतं की मीच तिचा धरला आहे.

"खुर्चीत रोज पडत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. धाकटी माझ्याकडे बघत राहिली.

"रोज ऊन घेत होती," मी इंग्रजीत म्हटलं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"ते दिसतंच आहे. गाठी निम्म्यानं उतरल्या आहेत." ते हात पुसत म्हणाले. "डोंगरात जायचं कारण नाही. घरी न्या. पण ऊन थांबवू नका. तुम्ही राहता तिथं ऊन मिळतं का?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"मिळतं," दीर म्हणाले. "थोडंफार."

हे मी धाकटीला मराठीत सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग तोंडावर पदर घेऊन रडली. डॉक्टरांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मी त्यांना चहा दिला.

निघताना एक चादर आम्ही परटीणबाईला दिली. तिनं आम्हाला संत्र्याच्या सालींची पुडी दिली. सांडगे मी दमट होते तसेच डब्यात भरले. बोटीवर ते आणखी सादळले.

सोलापूर स्टेशनवर आत्याबाई आल्या होत्या आणि त्यांच्या पदराआड मुलगी. आईनं हात पुढे केला तशी ती आणखी मागे सरली. धाकटीनं जबरदस्ती केली नाही. टांग्यातही मुलगी आजीच्या मांडीवरूनच चोरून बघत राहिली.

घरी आल्यावर आत्याबाईंनी डबे उघडायला घेतले. सांडग्यांचा डबा उघडून एक दाताखाली धरला.

"हे काय गं? ओलेच हायेत की. आणि मीठ लई झालंय. एवढे दिवस तिथं बसून दोघींनी केलं तरी काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटी म्हणाली, "राखण केली, आत्याबाई."

तिनं डबा उचलला, वर माडीच्या गच्चीत गेली आणि धोतर अंथरलं. ज्येष्ठ लागला होता पण पाऊस नव्हता, फरशीला पाय टेकवत नव्हता. मी जिन्यात उभी होते. मुलगी एकेक पायरी चढत माझ्या शेजारी आली, आईकडे बघत राहिली. आईनं वळून पाहिलं नाही. सांडगे पसरता पसरता म्हणाली, "चिमण्या लई झाल्यात. एकटीला हाकलायला जमत नाही."

मुलगी जरा वेळ थांबली. मग कोपऱ्यातली काठी घेतली, तिच्या हातात मावत नव्हती ती, आणि आईपासून थोडं अंतर ठेवून बसली. दुपारपर्यंत ते अंतर उरलं नव्हतं. सांडगे त्याच संध्याकाळी वाळले.